सहा हजार दोनशे तीस फेरे

मार्च २०३९ मध्ये नऊ दिवसांत तीन तंबोरे मिरजेच्या दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात परत आले. एक बेळगावहून आला, एक इंदूरहून. तिसरा धारवाडहून गायिका शरयूताई दीक्षित स्वतः गाडीत घालून घेऊन आल्या. तिघांची तक्रार एकच होती. सूर बरोबर लागतो, पण तंबोरा बोलत नाही.

दस्तगीर त्रेसष्ट वर्षांचे. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या हातचा तंबोरा फुटून परत आला होता, खुंटी मोडून आला होता, एकदा भोपळ्याला उंदरानं भोक पाडलं म्हणूनही आला होता. जवारीसाठी एकही आला नव्हता.

तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसट उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला घासत थरथरते आणि एका सुरातून वरचे दहा-बारा सूर झिरपू लागतात. हा उतार कानशीनं घासून जमवणं म्हणजे जवारी. कमी घासली तर तंबोरा मुका राहतो, जास्त घासली तर पत्र्यासारखा वाजतो. मधली जागा केसाएवढी असते आणि ती कानानंच ठरते.

शरयूताईंनी तंबोरा गादीवर आडवा ठेवला. "दस्तगीरभाई, रागावू नका. पण हा घुम्यासारखा बसलाय. मी गाते आणि हा नुसता ऐकतो."

दस्तगीरांनी तंबोरा उभा धरला, चारही तारा छेडल्या आणि डोळे मिटले. मिनिटभरानं ते म्हणाले, "ताई, मला तर ह्यात काही खोट लागत नाही. उलट फार दिवसांत इतका भरलेला आवाज ऐकला नाही."

"हा? भरलेला?"

"हाच."

शरयूताईंनी कोपऱ्यात खुंट्या तासत बसलेल्या तहसीनकडं पाहिलं. तहसीन दस्तगीरांची मुलगी, बत्तीस वर्षांची, तेरा वर्षं ह्याच दुकानात काम करणारी. "तू सांग गं. तुला काय वाटतं?"

"अब्बा म्हणतात तर बरोबर असेल," तहसीन म्हणाली आणि मांडीवरचा भुसा झाडत उठली.

शरयूताई उठल्या. "उरुसाला एकवीस दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात, तुमच्या दर्ग्यापुढं मला गायचंय. तिथं दुसऱ्या कुणाचा तंबोरा घेऊन बसले तर लोक विचारणार. त्यांना काय सांगू ते तुम्हीच सांगून ठेवा."

तंबोरा तिथंच ठेवून त्या गेल्या.

शिकलगारांच्या दुकानात निकालाची एक रीत आहे. जवारी ज्याच्या हातची, त्यानं तिचा निकाल द्यायचा नाही. दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे हात कुणाचा ते दिसत नाही, आणि ऐकून झाल्यावर दोनपैकी एकच शब्द बोलायचा. "ठेव" किंवा "काढ". काढ म्हणजे तारा उतरव, घोडी पुन्हा घास. कारण सांगायचं नाही, कौतुक करायचं नाही.

दस्तगीरांच्या तंबोऱ्यांचा निकाल त्यांचे थोरले भाऊ देत. भाऊ सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून दस्तगीर स्वतःचे तंबोरे स्वतःच वाजवत आणि स्वतःच ठेवत. रीत मोडली होती, पण तसं कुणी बोललं नाही.

तहसीननं पहिली अकरा वर्षं फक्त "काढ" ऐकलं. शेवटचे दोन हात वडीलच मारत आणि तंबोरा बाहेर जाई. मग चौदा महिन्यांपूर्वी, एका दुपारी, भिंतीकडं तोंड केलेल्या दस्तगीरांनी पहिल्याच छेडीला म्हटलं, "ठेव." तहसीननं तो तंबोरा विकला नाही. घोडीच्या खालच्या अंगाला तिनं पेन्सिलीनं सतरा जानेवारी ही तारीख लिहिली, घोडी पुन्हा बसवली आणि तंबोरा घरात टांगला. तारखेचं तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर तिचे आठ तंबोरे "ठेव" झाले. सगळे पहिल्या छेडीला.

*

दस्तगीरांच्या हृदयाचा डावा कप्पा निकामी होत आला होता. दुकानाच्या माळ्याला अकरा पायऱ्या आहेत, त्या चढताना ते तीनदा थांबत. सप्टेंबर २०३७ मध्ये त्यांच्या छातीत पंप बसवला. लिंबाएवढं यंत्र, आत एक चक्री. पोटातून बाहेर येणारी तार कमरेच्या पिशवीतल्या नियंत्रकाला आणि दोन बॅटऱ्यांना जोडलेली. हृदय ठोके टाकून रक्त ढकलतं. पंप नळासारखं सलग सोडतो, त्यामुळे मनगटाला नाडी लागत नाही. दस्तगीरांच्या खिशात तेव्हापासून एक पिवळं कार्ड असतं: "नाडी लागणार नाही. मृत समजू नये." गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर त्यांना पाहिलं की हात पुढं करायचा. "चाचा, बघू, आज तरी लागतीय का?" दस्तगीर हात द्यायचे आणि दोघं हसायचे.

आधीच्या पिढीचे पंप डॉक्टरांनी लावून दिलेल्या एकाच गतीनं फिरत. माणूस जगायचा, पण चढावर धाप लागायची, झोपेत जीव घाबरा व्हायचा. ह्या नव्या पंपाला जगवण्याबरोबर दुसरंही एक काम दिलं होतं. जगणं बरं करणं. त्यासाठी त्याच्याकडं शून्य ते शंभरचा एक आकडा होता, जीवनमान निर्देशांक. झोप, चाल, श्वास, घाम आणि शरीराचा ताण दाखवणाऱ्या नसांतल्या खुणा ह्यांतून तो दर मिनिटाला तयार होई. पंप आपली गती थोडी वाढवून पाहायचा, थोडी कमी करून पाहायचा. आकडा वर गेला की तिथं थांबायचा, खाली आला की परत फिरायचा. दिवसातून शेकडो वेळा. डॉक्टरांनी त्याला मिनिटाला चार हजार आठशे ते सहा हजार चारशे फेऱ्यांची मोकळीक दिली होती. पंपाला जिना कळत नव्हता, बायको कळत नव्हती, तंबोरा कळत नव्हता. आकडा कळत होता.

आणि आकडा चढत होता. दस्तगीर पायऱ्या न थांबता चढू लागले. भूक लागू लागली. दुकानातली आरडाओरड बंद झाली. त्यांची बायको जैबुन शेजारणींना सांगायची, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माणसासारखा वागतोय. पंप आधीच बसवला असता तर माझं आयुष्य वाचलं असतं."

फक्त एक गुणगुण उरली होती. चक्रीचा आवाज छातीच्या हाडातून जबड्यात आणि जबड्यातून कानात यायचा. सुरुवातीला त्यानं झोप यायची नाही. दोन महिन्यांनी दस्तगीर तो विसरले.

*

शरयूताई जाऊन चार दिवस झाले होते. दस्तगीर त्यांचा तंबोरा रोज वाजवून पाहत होते आणि रोज गोंधळत होते.

"लोकांच्या कानाला काय झालंय?" ते म्हणाले. "तीन गावं, तीन माणसं, आणि तिघंही बहिरी?"

"हवा बदलली की होतं कधी," तहसीन म्हणाली.

"हवा इंदुरात वेगळी, धारवाडात वेगळी. ही कुठली हवा?"

त्यांनी तंबोरा तिच्याकडं दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. "वाजव. नीट ऐकतो."

तहसीन वाजवू लागली. तिला जे ऐकू येत होतं ते सहा-सात महिने ऐकू येत होतं. आवाज बंद होता, कांबळाखालून आल्यासारखा. कानस अजून आठ-दहा वेळा फिरायला हवी होती. समोर वडिलांची पाठ होती आणि कमरेच्या पिशवीच्या खिडकीतून नियंत्रकाचा हिरवा आकडा दिसत होता: ६,२३०.

ती असंच पाहत होती. मग तिला आठवलं, मघाशी चहा पिताना तिथं ५,३०० होतं.

तिनं न सांगता खरजाची खुंटी जराशी सैल केली. खरज ही तंबोऱ्याची सगळ्यांत खालची तार.

"खरज उतरलाय," दस्तगीर लगेच म्हणाले. कपाळाला आठी पडली असणार, मानेवरून कळत होतं.

"हो. ऐका जरा."

ती छेडत राहिली. हिरवा आकडा हलला. ६,२००. ६,१५०. पुढं जाऊन परतला, पुन्हा पुढं गेला. ६,११० वर थांबला. दीड मिनिट लागलं असेल.

दस्तगीरांचे खांदे सैल झाले. "नाही," ते म्हणाले. "बरा आहे की. छान आहे. तू चढवलास का?"

तिनं खुंटीला हात लावला नव्हता.

तिनं तार पुन्हा जागेवर नेली. आकडा तिच्यामागून चढत गेला आणि ६,२३० वर थांबला. तंबोरा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत लावलेला होता. त्याच्या खरजाची सेकंदाला एकशे चार कंपनं होतात. सहा हजार दोनशे तीसला साठानं भागलं की जवळपास तेवढीच येतात. तहसीननं भागाकार कानशीच्या डब्यावर खडूनं केला, दोनदा.

"अब्बा, इकडं तोंड करा," ती म्हणाली. "तुमचा पंप तंबोऱ्याशी सूर लावतोय."

तिला समजावून सांगायला अर्धा तास लागला, कारण तिलाही ते पुरतं समजलं नव्हतं. सुरांची जुळणी चुकली की दस्तगीरांसारख्या माणसाला त्रास होतो. त्रास झाला की आकडा उतरतो. आकडा उतरला की पंप गती बदलून पाहतो. गुणगुण तारेला मिळाली की त्रास थांबतो, म्हणून पंप तिथं थांबतो. आणि गुणगुणीचे स्वतःचे वरचे सूर असतात. तारेत जे कमी पडतं ते छातीतून भरून येतं. मुका तंबोरा दस्तगीरांना बोलका लागतो. फक्त त्यांनाच.

दस्तगीरांनी समोरच्या तंबोऱ्याकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "शरयूताईंचा तंबोरा बंद आहे?"

"आहे."

"इंदूरचा?"

"तोही. तिन्ही."

"तुला कधीपासून कळतंय?"

"गणपतीच्या आसपास."

"आणि बाहेर जाऊ दिलेस? माझ्या नावानं?"

"तुम्ही 'ठेव' म्हणालात."

"मी खुळा झालो होतो. तू तर शुद्धीवर होतीस! तोंड शिवलं होतं का?"

तहसीननं खडू डब्यावर ठेवला. "तुमचा 'ठेव' तुमच्या तंबोऱ्याला खोटा असेल, तर माझ्या तंबोऱ्यालाही खोटाच. अकरा वर्षांनी एकदा ऐकायला मिळालं होतं, अब्बा."

दस्तगीर ओरडणार होते. तोंड उघडलंही. पण राग वर येता येता कुठं तरी विरघळला. त्यांनी खाली पिशवीकडं पाहिलं. हिरवा आकडा हलत होता.

"हे बघ," ते गोंधळून म्हणाले. "मला रागवूसुद्धा देत नाही हा."

*

हॉस्पिटलच्या पंप विभागात वैदेही आवटी ह्या समन्वयक होत्या. तीनशे चाळीस रुग्णांचे पंप त्या सांभाळत. त्यांनी दस्तगीरांची नोंद उघडली आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"काका, तुमचा निर्देशांक एक्क्याण्णव आहे. नव्वदच्या वर आमच्याकडं चारच जण आहेत. तुमचा आलेख आम्ही नवीन पेशंटना दाखवतो."

"म्हणजे मी सुखी आहे."

"खूपच."

"मग माझे तंबोरे परत का येतायत?"

वैदेहींनी सगळं ऐकून घेतलं. दुकानातल्या वेळा आणि पंपाची गती त्यांनी शेजारी-शेजारी लावली. सहा हजार दोनशे तीसचा सपाट पट्टा रोज दिसत होता, दुपारी तीन ते सहा. "असं होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार," त्या म्हणाल्या. "पण काका, पंप बिघडलेला नाही. सांगितलं तेच तो करतोय, आणि फार चांगलं करतोय."

दस्तगीरांनी टेबलावरची प्रश्नावली ओढली. दर तीन महिन्यांनी ती भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत जिना चढताना दम लागला का? कपडे घालताना मदत लागली का? उदास वाटलं का? "ह्यात जवारी कुठं आहे?"

वैदेहींनी बोट ठेवलं. "इथं. छंद आणि करमणूक."

"छंद?" दस्तगीरांनी तहसीनकडं पाहिलं. "वाचलंस? माझा छंद आहे."

वैदेही हसल्या नाहीत. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पंप आहे तसा राहू द्यायचा, किंवा गतीला कुलूप घालायचं. कुलूप लावलं की तो पाच हजार तीनशेवर एकसारखा फिरेल, जुन्या पिढीच्या पंपासारखा. जीवाला धोका नाही. पण धाप परत येईल, पायऱ्या परत जड होतील, झोपेचंही सांगता येत नाही.

"आधी रोज एक तास लावून बघा," त्या म्हणाल्या आणि नियंत्रकावरचं कुलपाचं बटण दाखवलं.

निघताना तहसीन मागं राहिली. "मॅडम, मागच्या वर्षीच्या सतरा जानेवारीची नोंद बघता येईल? दुपारची?"

वैदेहींनी शोधलं. "बारा महिन्यांपलीकडची मिनिटामिनिटाची नोंद राहत नाही. फक्त दिवसाची सरासरी आहे. पाच हजार सहाशे ऐंशी. ह्यावरून दुपारचं काही कळणार नाही. का? काय होतं त्या दिवशी?"

"काही नाही," तहसीन म्हणाली.

*

पहिल्या दिवशी कुलूप लावलं तेव्हा जैबुन दुकानाच्या दारात उभी होती. "चांगल्या चाललेल्या माणसाला मुद्दाम आजारी पाडताय," ती म्हणाली. "तंबोऱ्याच्या पायी."

दस्तगीर भिंतीकडं तोंड करून बसले. तहसीननं इंदूरचा तंबोरा छेडला.

"काढ," ते म्हणाले. आवाजात जुनी धार होती.

बेळगावचा.

"काढ."

शरयूताईंचा.

"काढ. शी! हा मी बाहेर पाठवला?"

तिनं घरातून आणलेला चौथा तंबोरा घेतला, स्वतःचा. वडिलांना माहीत नव्हतं. तिनं चार तारा एकदाच छेडल्या.

"परत," दस्तगीर म्हणाले. पुन्हा, "परत." त्यांचा श्वास भरून येत होता. पिशवीच्या खिडकीत ५,३०० स्थिर होतं आणि खालचा निर्देशांक चौसष्टवर आला होता.

"कळत नाही," ते शेवटी म्हणाले.

ह्या दुकानात हा शब्द कुणी कधी बोललं नव्हतं.

त्यांनी भिंतीवर डोकं टेकलं. "सगळंच खडखडतंय, तहसीन. हाही, आधीचे तिन्हीही. मघाशी वाटलं, कान परत आला. पण गुणगुण गेलेली नाही. ती आता एका जागी उभी आहे, सेकंदाला अठ्ठ्याऐंशीवर, आणि प्रत्येक तारेला आडवी येतेय. पंप मोकळा सोडला की सगळं गोड, बांधला की सगळं कडू. मधली जागा कुठंय?"

"पंप बंद करून ऐकलं तर..." तहसीन बोलून गेली आणि थांबली.

"तर ऐकायला कोण असेल?" दस्तगीर म्हणाले.

दारातून जैबुन ओरडली, "पुरे झालं! ते कुलूप काढा आधी!"

कुलूप काढलं. पाच मिनिटांत श्वास खाली बसला. दस्तगीरांना बरं वाटू लागलं आणि आपल्याला बरं वाटतंय ह्याचाच त्यांना संशय येऊ लागला. बरं कुणाला वाटतंय? त्या संध्याकाळी बटाट्याची भाजी आवडली ती त्यांना आवडली की सहा हजारांच्या आसपासच्या कुठल्या आकड्याला? जैबुननं दिलेलं दुसरं वाढप त्यांनी खाल्लं. तेही आवडलं.

आठवडाभर ते रोज कुलूप लावून एक तास बसले. प्रत्येक तंबोऱ्याला "काढ" म्हणाले. आठव्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं नाही.

*

उरुसाच्या तीन दिवस आधी दस्तगीरांनी शरयूताईंचा तंबोरा मांडीवर घेतला. तारा उतरवल्या, घोडी काढली, कानस पुसली. पंप मोकळा होता. माळ्यावरून हाडाची पट्टी आणायला ते अकरा पायऱ्या एका दमात चढले होते.

"भिंतीकडं तोंड कर," ते म्हणाले.

तहसीननं मागं वळून पाहिलं. "मी?"

"इथं दुसरं कोण आहे? जैबुन? ती सगळ्यालाच 'काढ' म्हणेल."

"अब्बा, तुमच्या जवारीचा निकाल मी कसा देणार?"

"भाऊ द्यायचे तसा. त्यांना तरी मी आवडत होतो असं नाही."

ती वळून बसली. भिंतीला चुन्याचे पोपडे धरले होते. एवढ्या जवळून ही भिंत तिनं कधी पाहिली नव्हती.

दस्तगीरांनी घासलं, तारा चढवल्या, छेडलं. त्यांच्या कानाला आवाज भरून आला.

"काढ," तहसीन म्हणाली. शब्द फार हळू निघाला.

"ऐकू आलं नाही."

"काढ!"

त्यांनी तारा उतरवल्या. पुन्हा घासलं. हाताला चाळीस वर्षांची सवय होती, कानस कुठं दाबायची ते बोटांना माहीत होतं. किती दाबायची तेवढं माहीत नव्हतं.

"काढ."

तिसऱ्यांदा छेडल्यावर ते म्हणाले, "मला तर फार गोड लागतंय गं."

"लागणारच. पिशवीत बघा."

त्यांनी पाहिलं. ६,२३०. "हरामखोर," ते पंपाला म्हणाले, पण प्रेमानं.

"काढ."

चौथ्यांदाही तेच. पाचव्यांदा छेडून झालं आणि तहसीन गप्प राहिली. दस्तगीर तारांवर बोटं फिरवत तिच्या पाठीकडं पाहत बसले. पदराखालचे खांदे हलत नव्हते. ह्या बाजूला बसून वाट पाहणं इतकं लांब असतं हे भाऊ गेल्यापासून ते विसरले होते. पंप आपल्या परीनं प्रयत्न करत होता. आकडा वर गेला, खाली आला, कुठंच थांबेना.

"ठेव," तहसीन म्हणाली.

त्यांनी कारण विचारलं नाही. घोडी पुन्हा सैल करून त्यांनी उलटी केली आणि हात पुढं केला. "तुझ्याकडं पेन्सिल असते ना. ती दे."

तहसीन वळली. "कसली पेन्सिल?"

"मागच्या आठवड्यात तुझ्या तंबोऱ्याची घोडी काढून बघितली मी," दस्तगीर म्हणाले. "कानानं कळेना, म्हटलं निदान डोळ्यानं बघू. काम साफ आहे. तारीखही वाचली."

तिनं कानामागची पेन्सिल काढून दिली. दस्तगीरांनी चष्मा लावला आणि घोडीच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरात त्या दिवसाची तारीख घातली. तारखेपुढं लिहिलं, "निकाल: तहसीन". मग घोडी बसवली, तारा चढवल्या आणि पुन्हा एकदा छेडून कान लावला.

पहिल्या वेळेत आणि पाचव्या वेळेत काय फरक पडला, ते त्यांना अजूनही कळलं नव्हतं.